निळ्या रंगाखालचा चेहरा

आर्झेला टॉलिव्हरच्या हातची इस्त्री अख्ख्या गावात नावाजलेली होती. पण त्या गुरुवारी संध्याकाळी तिनं ग्रेशमसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जाळली. समोरच्या नव्या रंगीत टीव्हीवर तिचा मुलगा चालत आला होता, आणि तो नखशिखांत निळा होता.

चेहरा ओळखू येईल असा ठेवलाच नव्हता. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, कपाळावर रबराचा उंचवटा आणि वरून निळ्या रंगाचा लेप. पण पोरगा चालताना डावा खांदा किंचित खाली टाकतो, हे आईला कुणी सांगायला लागत नाही. त्याच्या बापालाही तीच खोड होती. आर्झेला बघत राहिली, इस्त्री कॉलरवर तशीच राहिली, आणि जळका वास सुटला तेव्हा कुठे ती भानावर आली.

साहेबांच्या पत्नी मिस लॉरेटा सोफ्यावर पाय वर घेऊन, खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गुरुवारी साहेब लॉजच्या, म्हणजे गावातल्या गोऱ्या पुरुषांच्या मंडळाच्या, बैठकीला जात. बाईंना एकटीनं बसायचा कंटाळा, म्हणून आर्झेलानं इस्त्रीचं टेबल दिवाणखान्यात मांडायचं आणि त्यांच्याबरोबर टीव्ही बघायचा, असा त्या घरचा रिवाज होता. बघायचा म्हणजे सोफ्यामागे उभं राहून, काम करता करता. बसायचं नाही, हे कुणी कधी बोललं नव्हतं आणि कुणी विसरलंही नव्हतं.

होसियाला घरातून जाऊन आता कैक वर्षं झाली होती. मिसिसिपीतल्या त्या गावात काळ्या माणसांना मतदानासाठी नाव नोंदवायला तो कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत सोबत करायचा, एवढाच त्याचा अपराध. एक दिवस बंदुका घेतलेली माणसं ट्रकमधून त्याला शोधत फिरायला लागली. काळ्या वस्तीतल्या मयतांचं सगळं बघणारे पर्विस गेदर तेव्हा धावून आले. त्यांनी होसियाला शवपेटीत झोपवलं, पेटी शववाहिकेत चढवली आणि भर दुपारी, मागे रडणाऱ्या बायकांच्या चार गाड्या लावून, अंत्ययात्रा काढली. आर्झेला पहिल्या गाडीत होती. तिला रडायचं नाटक करावं लागलं नाही. चौकात तो ट्रक उभा होता. मयताची गाडी जाताना रस्त्याच्या कडेला थांबायचं आणि टोपी काढायची, ही त्या मुलखाची रीत. ट्रकमधल्या माणसांनीही टोप्या काढल्या. गेदर पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, "जिवंत काळ्या माणसाला त्यांनी कधी टोपी काढली नाही हो. पेटीतल्याला काढली." मेम्फिसला पेटी उघडली, आणि होसिया तिथून जो गेला तो थेट कॅलिफोर्नियाला. परत यायची सोय नव्हती. ती माणसं अजून गावातच होती. त्यांतला एक तर आता पोलिसात होता.

आर्झेलाकडे फोन नव्हता. दर रविवारी चर्च सुटल्यावर ती गेदर यांच्या ऑफिसात जाऊन बसायची आणि होसियाचा फोन यायचा. महिन्यापूर्वी त्यानं ही बातमी दिली होती.

"आई, मी टीव्हीवर दिसणारे. ती आकाशजहाजाची मालिका आहे ना, तिच्यात. दोन आठवडे."

"म्हणजे आता सगळ्या गावाला दिसणार होय तू?" तिनं आवाज खाली आणला. "ती माणसं?"

"कुणाला ओळखू यायचं नाही. मी निळा असतो. परग्रहावरचा गुलाम."

"गुलामच व्हायला एवढ्या लांब गेलास?"

तो मोठ्यानं हसला. तिनं मग त्याला गोष्ट विचारली. त्या ग्रहावर निळ्या माणसांना आत्मा नसतो असा कायदा असतो. त्यांनी राबायचं, मालकाच्या ताटाकडे बघायचं नाही. जहाजाचा कप्तान तिथं उतरतो आणि एका निळ्या गुलामाशी त्याची दोस्ती होते. शेवटी कळतं की हे निळे जन्मानं निळे नसतातच. पाळण्यात असतानाच त्यांना मालकांनी रंग फासलेला असतो. मग तो गुलाम भर दरबारात परात मागवतो आणि तोंड धुतो.

"आणि मग?" तिनं विचारलं.

"मग मी, आई. माझा चेहरा. रंग नाही, रबर नाही. अख्खं एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी तर घेतलं काम. दिग्दर्शक म्हणाला दरबाराकडे बघ. मी म्हटलं बरं. पण बघत होतो तुझ्याकडे."

"भुवईवरची खूण आहे का रे अजून?" लहानपणी चर्चच्या पायरीवरून पडला होता.

"आहे की. ती कुठं जाते."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पोराचा फोटो होता तिच्याकडे, पण तो शाळेतला. आता तो कसा दिसतो, गाल भरले की बसले, केस मागं हटले का, हे तिला ठाऊक नव्हतं. एक मिनिट तर एक मिनिट. ती त्या मिनिटाकडे डोळे लावून बसली होती.

तर तो पहिला गुरुवार. टीव्हीवर मालकानं निळ्या गुलामाला सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. गुलाम नुसता खाली वाकून सांडलेला पेला उचलायला लागला. आणि मिस लॉरेटा रडायला लागल्या.

खरंच रडत होत्या. वाटी बाजूला ठेवली, रुमाल काढला. "अगं, काय माणसं म्हणायची ही," त्या म्हणाल्या. "बघ ना आर्झेला, कसा बिचारा वाकलाय. रंग वेगळा म्हणून काय झालं? त्यालाही जीव आहे. मला तर बघवत नाही. जरा पाणी आण गं."

आर्झेलानं पाणी आणलं. पेला हातात देऊन ती परत सोफ्यामागे जायला निघाली आणि थबकली. या घरात तिनं कैक वर्षं काढली होती. बाईंची दोन बाळंतपणं, त्यांच्या आईचं शेवटचं दुखणं, सगळं तिच्या हातून झालं होतं. पण बाई तिच्यासाठी कधी रडल्या नव्हत्या. आणि आज तिच्या लेकासाठी रडत होत्या. हृदयाला पाझर फुटला, असं तिला वाटलं. बाईमाणूस, शेवटी आईच ती. तिच्या पोटातलं ओठावर आलं.

"मिस लॉरेटा, तो माझा मुलगा आहे."

"कोण?"

"तो निळा. आमचा होसिया. पुढच्या गुरुवारी शेवटी रंग उतरवतो तो. चेहरा दाखवणारेत त्याचा."

मिस लॉरेटांनी तिच्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. डोळ्यांतलं पाणी गालावर तसंच होतं. त्यांनी ते पुसलं, रुमालाची घडी घातली आणि तो बाहीत खोचला.

"होसिया म्हणजे तो कोर्टाच्या भानगडीतला?"

"हो, बाई."

"अस्सं," त्या म्हणाल्या. "छान आहे हो. कॉलरला काय झालं ते बघ आधी, अजून जळका वास येतोय."

दुसऱ्या गुरुवारी आर्झेलानं सुट्टी मागितली आणि बाईंनी ती काही न बोलता दिली. तिला बरं वाटलं. बघा, विचारलंसुद्धा नाही कशाला म्हणून.

गेदर यांचा हॉल भरून गेला होता. काळ्या वस्तीतला सगळ्यांत मोठा टीव्ही त्यांच्याकडे, आणि खुर्च्याही त्यांच्याकडेच. सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर त्यांचं नाव छापलेलं. उकाड्यात वारा घ्यायला पुठ्ठ्याचे पंखे ठेवले होते, त्यांच्यावरही 'शेवटच्या प्रवासाची चिंता आमच्यावर सोडा' असं लिहिलेलं. बायकांनी तळलेली कोंबडी, घेवड्याची उसळ आणि लोण्याचा केक आणला होता. आर्झेलाला सगळ्यांनी पुढच्या रांगेत, मयताच्या घरचे बसतात तिथं, बसवलं.

"आजच्या दिवस तिथं हसून बसा, आर्झेलाबाई," गेदर म्हणाले. "त्या खुर्चीला पण जरा सवय होऊ दे."

शेजारची टेंपी, जिभेला हाड नसलेली बाई, टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गेदर यांचा टीव्ही रंगीत नव्हता. त्यात निळाही राखाडी दिसत होता, कप्तानही राखाडी आणि मालकही राखाडी.

"अगं बाई, हा डबा चांगला आहे," टेंपी म्हणाली. "सगळे एका रंगाचे. मिळाले बघा समान हक्क."

"टेंपी, बस गं खाली, काही दिसत नाही."

"बसते. पण मला एक सांगा, निळा होता म्हणून त्याला दिवाणखान्यात घेतला ना गोऱ्यांनी? काळाच गेला असता तर मागच्या दारानं जा म्हणाले असते."

सगळे हसले. आर्झेलाही हसली. तिच्या हातातल्या पंख्याचा पुठ्ठा मात्र घामानं मऊ पडला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जवळच्या शहरातलं टीव्ही स्टेशन गोऱ्यांच्या हातात होतं, आणि पडद्यावर कुणी काळा माणूस हक्कांबद्दल बोलायला लागला की नेमका तेव्हाच तिथं काहीतरी बिघाड व्हायचा. एक पाटी यायची, 'क्षमस्व, तारेत दोष आहे'. तो माणूस बोलून झाला की दोष आपोआप दुरुस्त. वस्तीतली पोरंसुद्धा त्या पाटीला नावानं ओळखायची. पण आज कुणाला तिची भीती नव्हती. निळ्या माणसाला कोण झाकतंय? आत काळा आहे हे त्यांना कळणार कसं?

दरबार भरला. मालक उंच आसनावर बसले. निळ्या गुलामानं परात मागवली. हॉलमधले पंखे थांबले. पाद्रीबुवांनी डोळे मिटले, आणि टेंपीनं त्यांना कोपरानं ढोसलं. "उघडा, उघडा. प्रार्थना नंतर." होसिया परातीवर वाकला. त्याची लांब बोटं पाण्यात गेली. आर्झेला खुर्चीच्या कडेवर आली. त्यानं ओंजळ भरली आणि ती तोंडाकडे नेली.

क्षमस्व, तारेत दोष आहे.

पाटी तशीच होती. मागं कुठंतरी एक बाळ किरकिरलं आणि त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं. गेदर उठून टीव्हीची बटणं फिरवायला लागले, जणू दोष त्या डब्यातच होता. मग पाटी गेली आणि जाहिरातीतले ट्रॅक्टर आले. नवेकोरे, ओळीनं उभे. ग्रेशम आणि मंडळी, शेतीची अवजारं.

आर्झेलानं ते नाव वाचलं, आणि तिला सगळं कळलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना."

टेंपीनं तिला जवळ घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती कामावर गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाऊन खाणार काय? मिस लॉरेटा स्वयंपाकघरातच तिची वाट बघत होत्या.

"हे बघ, आर्झेला, मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "साहेब एक शब्द बोलले टीव्ही स्टेशनात, एवढंच. तुझ्याच भल्याचं आहे ते. इथली पोरं काही विसरत नाहीत. त्यांनी त्याला बघितलं असतं, म्हणजे पुन्हा सगळं उकरून काढलं असतं. तुझ्या घराला आग लावली असती तर?"

त्यात थोडं खरंही होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होतं.

"मलाही वाईटच वाटलं गं," मिस लॉरेटा म्हणाल्या. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "इतका जीव गुंतला होता माझा त्या बिचाऱ्यात. आता त्याचं काय झालं ते कधी कळायचंच नाही."

आर्झेलानं पदर बांधल्यासारखा एप्रन कमरेला घट्ट बांधला आणि भांड्यांना हात घातला. त्या दिवशी तिला त्या बाईचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. त्या आसवांवर आपण विश्वास कसा ठेवला, हे तिला कळेना. निळ्या माणसासाठी रडणं सोपं असतं. तो आपल्या घरी इस्त्री करत नाही.

रविवारपर्यंत तिनं मनाशी ठरवलं. पोरानं एका मिनिटासाठी एवढं सगळं सोसलं. ते मिनिट आईपर्यंत पोचलं नाही, हे त्याला कळता कामा नये. आणि ते आईच्याच तोंडामुळे पोचलं नाही, हे तर मुळीच नाही.

फोन वाजला. गेदर रिसीव्हर तिच्या हातात देऊन बाहेर गेले.

"आई," होसिया म्हणाला, आणि थांबला. "आई, ते गुरुवारचं..."

"बघितलं रे, बाळा," ती घाईनं म्हणाली. "डोळे भरून बघितलं. सगळी होती, टेंपी, पाद्रीबुवा, सगळी."

लाईन तुटली की काय, असं तिला वाटलं.

"काय बघितलंस?" त्यानं विचारलं.

"तुला. अजून कुणाला? वाळलास रे. जेवतोस ना नीट? गालाची हाडं वर आलीत, तुझ्या बापाची यायची तशी. आणि केस किती बारीक कापलेत. पण रुबाबदार दिसत होतास हो. सरळ माझ्याकडेच बघत होतास."

मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"हो, आई. तुझ्याकडेच. तिथले दिवे फार प्रखर असतात गं, त्यानं माणूस वाळलेला दिसतो. मी बरा आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली. आपलं खोटं खपलं, असं वाटून ती त्या दिवशी हलक्या पावलांनी घरी गेली. कैक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

त्याच आठवड्यात टेंपीचे चुलते वारले. मयताला टेंपीची बहीण विनी शिकागोहून आली. दफन झाल्यावर गेदर यांच्या मागच्या स्वयंपाकघरात बायका भांडी आवरत होत्या. विनी पुसायला होती, आर्झेला धुवायला.

"तुझ्या लेकाला बघितलं आम्ही," विनी म्हणाली. "बिल्डिंगमधली सगळी काळी माणसं आमच्याकडे गोळा झाली होती. काय काम केलंय पोरानं. पण शेवटी बाई चांगलंच फसवलं त्यांनी."

"फसवलं म्हणजे?"

"अगं, म्हणजे काय? चेहरा दाखवणार, चेहरा दाखवणार, म्हणून आम्ही श्वास रोखून बसलेलो. तो वाकला, पाणी तोंडाला लावलं, परातीत निळं पाणी दिसलं, आणि मग एकदम त्या गोऱ्या कप्तानाचा चेहरा. तो डोळे पुसतोय. संपली गोष्ट. तुझ्या होसियाला वर बघूच दिलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एकाचा भाऊ तिकडे कॅलिफोर्नियात स्टुडिओत दिवे लावायला असतो, तो फोनवर सांगत होता, चित्रीकरण झालं होतं म्हणे सगळं. पण दक्षिणेकडची स्टेशनं घेणार नाहीत, म्हणून वरच्या साहेबांनी आदल्या आठवड्यात कापून टाकलं. देशात कुणालाच दिसला नाही गं तो." मग तिचं आर्झेलाकडे लक्ष गेलं. "तुमच्याकडे काय दाखवलं?"

आर्झेलाच्या हातात केकची थाळी होती. ती तिनं पाण्यात सोडली आणि सावकाश घासत राहिली.

म्हणजे झाकणाऱ्यांनी झाकलं ते नुसतं निळं पाणी. साप साप म्हणून भुई धोपटली होती. तिनं मिस लॉरेटांना सांगितलं नसतं, तरी ते मिनिट तिच्या वाट्याला आलं नसतं. यात दिलासा मानायचा असेल तर होता. पण तिच्या मनात दुसरंच आलं.

रविवारी होसियाला हे ठाऊक होतं. 'आई, ते गुरुवारचं' म्हणून तो हेच सांगायला निघाला होता. आणि तिनं त्याला त्याच्या गालाची हाडं सांगितली होती. जो चेहरा कुणीच बघितला नव्हता, तो त्यानं आईच्या तोंडून ऐकून घेतला होता आणि हूं म्हटलं होतं. पोरगा एवढा मोठा कधी झाला, तेही तिला बघायला मिळालं नव्हतं. ती तिथंच, ओल्या हातांनी, टेंपीच्या आणि विनीच्या देखत रडली. त्यांनी विचारलं नाही. मयताच्या घरी रडण्याचं कारण कुणी विचारत नाही.

पुढच्या रविवारी ती गेदर यांच्या ऑफिसात जाऊन बसली. खरं सांगून टाकायचं असं ठरवून आली होती. आता लपवायचं तरी कुणापासून? फोन वाजला.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"जेवलो. तू?"

"मी पण."

ती बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "आई, परवा तू सांगत होतीस ना... कसा दिसत होतो मी? पुन्हा एकदा सांग."

त्याच्या आवाजातून तिला जाणवलं की तिला खरं काय ते कळलंय, हे त्यानं ओळखलंय. तिनं खुर्ची जवळ ओढली. दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरला.

"तू वाकलास," ती म्हणाली. "ओंजळीत पाणी घेतलंस. मग रंग उतरायला लागला, आधी कपाळावरचा. मग डोळे दिसले. थकलेले होते, पण तुझेच. मग गाल, मग हनुवटी. आणि मग तू मान वर केलीस."

"आणि खूण?"

"होती की," आर्झेला म्हणाली. "ती कुठं जाते."